बारा बल्ब आणि एक निळा भुंगेरा

पुण्याला जाणाऱ्या मुंबईकराला कर्जत ठाऊक असते ते गाडीला मागून इंजिन लावण्याची जागा म्हणून. गाडी थांबते, पाठीमागून धक्का बसतो, वरच्या फळीवरचा फराळाचा डबा कोणाच्या तरी डोक्यात पडतो आणि शेजारचे गृहस्थ डोळे न उघडता म्हणतात, "कर्जत आलं." तिथे उतरणारी माणसे असतात, पलीकडे गावे आणि शेते असतात, हे आपल्याला सुचत नाही. मलाही कधी सुचले नव्हते. मी उतरलो तो किड्यांपायी, आणि त्यातही माझा स्वार्थ होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझे कौतुक करायला नको.

मी दादरच्या एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करतो. म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी लग्नाच्या मुली आहेत त्यांना सांगायला नको. निगेटिव्हच्या काचेवरचे देवीचे व्रण पेन्सिलीने बुजवायचे, पुढे आलेला दात आत न्यायचा आणि छापलेल्या फोटोवर रंग भरून सावळ्या मुलीला गोरी करायची. पंधरा वर्षांत मी जेवढ्या मुली उजळल्या तेवढ्या कोणत्याही साबणाने उजळल्या नसतील. पोट त्यावर चालते. हौस मात्र किड्यांची. फोटो चांगला आला नाही म्हणून किडा तक्रार करीत नाही, हे त्या हौसेचे मुख्य कारण.

आमचे एक हौशी छायाचित्र मंडळ आहे. त्याच्या अध्यक्षांना सगळे रावसाहेब म्हणतात. त्यांच्याकडे उत्तम जर्मन कॅमेरा आहे आणि त्याने ते आपल्या कुत्र्याचे फोटो काढतात. मागे एका सभेत ते म्हणाले, "किड्यांचे इतक्या जवळून फोटो, तेही फ्लॅशवर, हे आपल्या लोकांचं काम नव्हे. त्याला जर्मन हात लागतो." जर्मनीची नुकतीच काय दशा झाली होती, याची कोणी आठवण करून दिली नाही, कारण चहा रावसाहेबांचा होता. मी मात्र हिवाळ्यातल्या प्रदर्शनात पहिले बक्षीस किड्याच्या फोटोवर घ्यायचे, असे तिथेच ठरवले.

ज्यांनी हा उद्योग केलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. किडा मोठा दिसायला हवा तर कॅमेऱ्याचा भाता हातभर ताणावा लागतो. भाता ताणला की उजेड कमी पडतो. किड्याचे डोके आणि शेपूट दोन्ही स्पष्ट हवे तर भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते, म्हणजे उजेड आणखी कमी. बरे, कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा, तर किडा काही दाखवायला आणलेल्या मुलीसारखा मान खाली घालून बसत नाही. म्हणून फ्लॅशचा बल्ब. बॅटरीला जोडला की एकदाच भपकन पेटतो आणि मरतो. लढाई संपून वर्ष झाले होते. अमेरिकन शिपायांचा उरलासुरला माल मुंबईच्या जुन्या बाजारात आला होता, त्यात मला असे बारा बल्ब मिळाले. तेराव्याची आशा नव्हती. उजेड पुढे फेकायला पातेल्याचे एक चकचकीत झाकण घेतले. त्याबद्दल घरी अजून मला माफी मिळालेली नाही.

स्टुडिओत मागचे पडदे बदलणारा पांडू भोईर कर्जतजवळच्या कडावचा. तो म्हणाला, "गणपतीच्या सुटीत माझ्या दादाकडं जावा. किडं पायजेत तेवढं हायेत. अवंदा तर लईच हायेत." त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते.

कोंडाणे

पांडूचे थोरले भाऊ गणपतराव मला घ्यायला कर्जत स्टेशनात आले होते. पन्नाशीचे, काटक, डाव्या गुडघ्याला फडके बांधलेले. कॅमेरा ज्याच्याकडे असतो तो मास्तर, असा त्यांचा समज होता, म्हणून मी त्यांचा मास्तर झालो. त्यांनी थेट कडावला चला म्हणून सुचवले. मी म्हटले, आधी कोंडाणे. लेण्यांजवळच्या झाडोऱ्यात खंडोबाचा किडा सापडतो असे मी ऐकले होते. पुढचे पाय जोडून बसतो तो. रावसाहेबांच्या मंडळाला असा भाविक किडा आवडेल, असा माझा हिशेब.

कॅमेऱ्याची तिवई खांद्यावर टाकून गणपतराव चिखलातून पुढे चालू लागले. लेण्यांविषयी मी फार लिहीत नाही. डोंगराच्या पोटात एवढे मोठे कोरीव काम ज्यांनी केले त्यांनी आपले नाव मोठ्याने सांगितले नाही आणि आमच्या मुंबईच्या मंडळींनी तिथे कोळशाने आपली नावे, वाड्या आणि चाळीचे नंबरसुद्धा लिहून ठेवले आहेत. समोर पाण्याची धार पडत होती. कारवीच्या एका फांदीवर माझा खंडोबाचा किडा हात जोडून बसला होता, अगदी बोलावल्यासारखा.

पहिला बल्ब मी पेटवला तो झाकण उलटे धरून. सगळा उजेड माझ्याच डोळ्यांत गेला. पुढची पंधरा मिनिटे मला जग हिरवे दिसत होते आणि किडा जागचा हलला नव्हता. दुसऱ्या वेळी काचेवरचे झाकण काढायला विसरलो. तिसऱ्या वेळी किडा उडून भिंगावर येऊन बसला, म्हणजे जवळून फोटो काढायची त्याला माझ्याहून जास्त हौस. दोन बल्ब पेटलेच नाहीत, अमेरिकेतही फसवणारे असतात. एक बल्ब पेटत असताना वरच्या कातळावरून त्यावर पाण्याचा थेंब पडला आणि तो फुटला. काचा माझ्या टोपीत सापडल्या.

तेवढ्यात गवताचा भारा घेतलेली एक बाई थांबली. गणपतरावांना तिने विचारले, "काय चाललंय रं दादा?"

"किड्याचा फोटू काढतायत मुंबईचं मास्तर."

तिने किड्याकडे निरखून पाहिले. "मेला का तो?"

"नाय गं. जिता हाय."

"मंग फोटू कशाला?" असे म्हणून ती गेली. या भागात फोटोवाला बोलावतात तो माणूस गेल्यावर, खुर्चीत बसवून शेवटची आठवण म्हणून. आमच्याकडे लग्नाआधी, इथे मेल्यानंतर. दोन्हीकडे खरा चेहरा कोणाला नकोच असतो.

संध्याकाळ होईपर्यंत नऊ बल्ब संपले. हाती लागलेल्या काचांपैकी एकीत फांदी उत्तम आली होती, हे मला पुढे मुंबईत कळले. गणपतराव दिवसभर गुडघा चोळत बसले होते. मी उठल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "आता किती ऱ्हायलं?" मी म्हटले, तीन. त्यांनी मान हलवली आणि तिवई उचलली. तेव्हा मला वाटले, त्यांना माझी दया आली असेल.

कडाव

गणपतरावांच्या घरी तांदळाची भाकरी, कडव्या वालांचे बिरडे आणि म्हशीचे घट्ट ताक. भाकरी इतकी पातळ की पलीकडचा दिवा दिसावा. मी चार खाल्ल्या. मुंबईत रेशनच्या तांदळातले खडे वेचून वेचून आमचे डोळे गेले, आणि इथला तांदूळ वाफेनेच ओळख सांगत होता. मी तसे बोलून दाखवले. गणपतरावांची बायको येसूवहिनी चुलीपुढून म्हणाल्या, "खावा भावजी, पोटभर खावा. मागल्या सालचा हाय. पुढल्या साली नाय मिळायचा."

सकाळी मला शेतावर नेले तेव्हा त्याचा अर्थ कळला. हिरव्या खाचरांमध्ये मधेच पांढरे पट्टे पडले होते. जवळ गेलो तर पाने गुंडाळलेली, वरची साल खरवडून काढल्यासारखी, आणि पानापानावर भाताच्या दाण्याएवढा, शाईसारखा निळा, चकचकीत भुंगेरा. हजारो होते. माझा पहिला विचार सांगतो, लपवत नाही. मी मनात म्हटले, काय सुंदर किडा आहे.

"ह्यो आमचा किडा," गणपतराव म्हणाले. "खंडोबाचा नाय, आमचा."

मग बांधावर बसून त्यांनी सगळी हकिगत सांगितली. या निळ्या भुंगेऱ्यावर सरकारची एक पूड निघाली आहे, ती मारायचे यंत्रही आहे. दोन्ही खालापूरच्या शेतकी कचेरीत कुलपात आहेत. अर्ज मात्र कर्जतला करायचा. गणपतरावांनी कर्जतला काडेपेटीतून जिवंत किडे नेले. कारकुनाने पेटी उघडली, किडे त्याच्या टेबलावर पसरले, आणि जिवंत कीड कचेरीत आणायला मनाई आहे, असे त्याने सांगितले. मग मेलेले किडे पाकिटातून खालापूरला पाठवले. टपालाचा शिक्का नेमका त्यांच्यावर बसला. उत्तर आले, नमुना ओळखण्याच्या स्थितीत नाही. तरी स्पिरिटच्या बाटलीत नमुना पाठवावा, अथवा किड्याचे स्पष्ट छायाचित्र जोडावे. बाटली कर्जतहून मिळेल. कर्जतला बाटल्या संपल्या होत्या. साहेबांनी स्वतः येऊन बघावे म्हटले, तर पावसात रस्ता नाही. ज्या रस्त्याने मी आदल्या दिवशी आलो होतो, तो.

"आन् शिवेचं काय झालं ते सांगा की," येसूवहिनी मागून म्हणाल्या. त्या न्याहारी घेऊन आल्या होत्या.

गणपतराव जरा ओशाळले. कीड फार झाली की इथे थोडे किडे पानाच्या द्रोणात घालतात, वर चिमूटभर तांदूळ आणि कुंकू घालतात, आणि वाजतगाजत गावाच्या शिवेपलीकडे ठेवून येतात. परत येताना मागे बघायचे नाही. यंदाही ठेवून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवेच्या अलीकडे दुसराच द्रोण होता. पलीकडच्या गावानेही आपले किडे इकडे पोचवले होते.

मला हसू आले. मग कर्जत आणि खालापूरच्या कचेऱ्या आठवल्या, आणि वाटले, या गावकऱ्यांना हसायचा मला काय अधिकार. ते निदान कुंकू तरी लावतात.

"तर मास्तर," गणपतराव म्हणाले, "पांडूनं लिवलं, तुमी किड्याचं फोटू काढता, पायाचं केस दिसंस्तवर. मंग म्हटलं, आमच्या किड्याचा काढा. भात गेलं तर दिवाळी झाल्यावर मला माथेरानला जावं लागंल, रिक्षा वढायला. दोन भाऊबंद गेलेच हायत. माझा ह्यो गुडघा चढाला नाय टिकायचा."

आता मी काय करावे? माझ्याजवळ तीन बल्ब होते. खंडोबाचा किडा अजून बाकी होता, आणि रावसाहेब. मी म्हणालो, "बघू. परत जाताना एखादा बल्ब उरला तर."

येसूवहिनी भाकरी वाढता वाढता थांबल्या. "भावजी, काल चार भाकऱ्या खाल्ल्या तुमी. त्या खंडोबाच्या किड्यानं पिकिवल्या व्हत्या का?"

मी कॅमेरा उघडला.

उघड्या शेतात वाऱ्याने पान स्थिर राहीना. म्हणून पान कापून आणले, ओटीवर धान्य मोजायच्या अधोलीत कोंडा भरून त्यात खोचले. भुंगेऱ्याला हात लावला की तो मेल्याचे सोंग करून खाली पडे. वहिनींनी चार भुंगेरे पितळेच्या डबीत घालून ती पाण्याच्या माठाला टेकवून ठेवली. गारठल्यावर ते जरा शहाण्यासारखे वागू लागले. खरी अडचण निराळीच होती. भुंगेऱ्याची पाठ तुळतुळीत. तिच्यावर फ्लॅश मारला तर पांढऱ्या ठिपक्याखेरीज काही दिसणार नाही. स्टुडिओत टक्कल असलेला माणूस आला की आम्ही टकलावर पावडर मारतो. भुंगेऱ्याला पावडर मारायची तर ती खालापूरला कुलपात होती.

"उजेड गाळून घ्यायला हवा," मी म्हणालो. "पातळ, पांढरं कापड आहे का?"

वहिनी आत गेल्या आणि दूध गाळायचे मलमलीचे फडके घेऊन आल्या. रोज उकळत्या पाण्यातून काढलेले, पांढरेशुभ्र. ते झाकणाच्या तोंडावर ताणून बांधले. फ्लॅश धरायला दिला गणपतरावांकडे. वर्षानुवर्षे पहाटे धार काढणारा तो हात, एक वीतभर अंतरावर धरला तो भिंतीतल्या खुंटीसारखा.

पहिला बल्ब फडक्याला फार जवळ होता. उजेड झाला आणि फडक्याला रुपयाएवढे भोक पडले. दुसऱ्या बल्बला गोठ्यातली म्हैस हंबरली आणि किडा पानामागे गेला. वहिनी भिंतीला टेकून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढ्याशा किड्याला एवढी ईज. आमच्या लग्नात अख्ख्या मांडवाला येक गॅसबत्ती व्हती." मग त्यांनीच फडक्याची घडी बदलली, भोक बाजूला नेले, आणि म्हशीपुढे पेंढा टाकून आल्या.

तिसऱ्या बल्बला मी काळ्या कापडात डोके घालून कॅमेऱ्यामागच्या घासलेल्या काचेवर बघत होतो. तिथे तो उलटा, हाताच्या बोटाएवढा, निळ्या लखोट्यासारखा बसला होता. पाठीवरच्या बारीक ठिपक्यांच्या ओळीसुद्धा मोजता येत होत्या. मी काच घातली, झाकण काढले, या वेळी खरोखर काढले, आणि म्हणालो, "हं." गणपतरावांनी कळ दाबली. हात इतकासाही हलला नाही.

बल्ब संपले. खंडोबाच्या किड्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

खालापूर

फोटो आला. असा आला की माझा मलाच विश्वास बसेना. पाऊण हात लांबीच्या कागदावर भुंगेरा, त्याच्या पायांवरचे केस, पानाची खरवडलेली साल, सगळे स्वच्छ. स्टुडिओच्या मालकांनी बघून विचारले, "यात दुरुस्ती काय करायची?" मी म्हटले, काही नाही. असे उत्तर मी त्या नोकरीत पहिल्यांदा दिले.

पुढच्या रविवारला जोडून एक रजा काढली आणि सोमवारी खालापूर गाठले. गणपतराव आधीच कचेरीच्या पायरीवर बसले होते. गावकरी ज्यांना आपापसात कीडसाहेब म्हणतात ते अधिकारी तब्येतीने प्रसन्न होते. फोटो त्यांनी लांब धरला, जवळ धरला.

"हा किडा केवढा असतो?"

"भाताच्या दाण्याएवढा," मी म्हणालो.

"फोटोत तर कोंबडीएवढा आहे."

फोटो जवळून काढला की मोठा दिसतो, हे त्यांना पटेपर्यंत चहा येऊन गेला. मग त्यांनी चष्मा बदलला आणि एक छापील यादी काढली. "निळा भुंगेरा. औषध मंजूर आहे. पण हा निळा कुठे आहे? हा काळा आहे."

"साहेब, फोटोच काळापांढरा आहे. त्यात गडद निळं काळंच दिसतं."

"ते मला ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "पण कागदावर काय आहे? कागदावर काळा आहे. काळ्या किड्याचं औषध माझ्या यादीत नाही."

गणपतरावांनी कमरेची डबी अर्धी बाहेर काढली. साहेबांनी बोट वर केले. "जिवंत असेल तर मनाई आहे." डबी पुन्हा कमरेला गेली.

पायऱ्या उतरताना मला एकाएकी उपाय सुचला, आणि मी मोठ्याने हसलो. गणपतराव माझ्याकडे पाहत राहिले. मी त्यांना म्हटले, "रंगच हवा ना? अहो, माझा धंदाच तो."

पुन्हा खालापूर

आयुष्यात इतके मन लावून मी रंग भरला नव्हता. गणपतरावांकडून मागवलेला एक मेलेला भुंगेरा समोर ठेवून, दोन बाटल्यांतल्या निळ्यात किंचित काळा मिसळून, पाठीवर जिथे हिरवट झाक मारते तिथे ती झाक देऊन. मुली उजळताना मी समोर काही ठेवत नाही. या वेळी पहिल्यांदाच खरे समोर ठेवून रंगवले.

आठ दिवसांनी तो फोटो साहेबांच्या टेबलावर होता. तेवढ्या दिवसांत गणपतरावांची आणखी दोन खाचरे पांढरी झाली होती. ते भिंतीशी उभे होते. साहेबांनी ओठ दाबून फोटो पाहिला, मग बोट ओले करून कोपऱ्यावर घासले. बोटाला निळे लागले.

"हा रंग हातानं भरलेला आहे," ते म्हणाले.

"होय साहेब. पण जसा आहे तसाच भरलाय."

"जसा आहे तसा भरायची गरज काय? हातानं रंगवलेल्या चित्राला पुरावा म्हणता येत नाही. उद्या कोणीही काळ्याचा निळा करील." त्यांनी अर्जावर तसा शेरा लिहिला आणि टीपकागद फिरवला. मग आवाज एकदम घरगुती झाला. "तुम्ही फोटोच्या धंद्यातले, नाही का? मग जरा एक काम करा. तुम्हाला कळेल."

खणातून त्यांनी एक पाकीट काढले. "आमच्या चिरंजिवांसाठी आलेली मुलगी. बाकी सगळं जमलंय. घरच्यांचा अडसर एवढाच, की रंग खरा आहे का. बघून सांगा."

मी फोटो हातात घेतला. उन्हाळ्यात मीच रंगवला होता. मुलगी सावळी, डोळे हुशार, बाप पोस्टातला, तीन वेळा येऊन अजून थोडी, अजून थोडी म्हणत होता. गाल मी गुलाबी केले होते आणि हनुवटीवरचा तीळ काढून टाकला होता.

समोर तो भुंगेरा पडला होता. जसा आहे तसा, आणि खोटा ठरलेला. एका वाक्यात मी साहेबांना सांगू शकलो असतो की तुमची सून आणि हा किडा एकाच ब्रशाने रंगवले आहेत, आणि त्यातला खरा कोण ते ओळखा. ते वाक्य अगदी जिभेवर आले होते. पण त्या वाक्याने साहेबांना काय झाले असते? त्यांनी पाकीट परत केले असते. दुःख झाले असते ते पोस्टातल्या बापाला आणि त्या हुशार डोळ्यांच्या मुलीला. औषध तरीही कुलपातच राहिले असते.

"अगदी खरा रंग आहे," मी म्हणालो.

"वाटलंच मला," साहेब म्हणाले. "आमची नजर या बाबतीत चुकत नाही."

बाहेर आल्यावर गणपतरावांना मी सगळे सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले, तंबाखू मळली, आणि म्हणाले, "म्हंजे पोर पास झाली आन् किडा नापास." मग थोडे चालल्यावर, "बरं केलंत. पर मास्तर, मी आता काय करू ते सांगा."

रंगवलेला फोटो हातातच होता, तो मी पिशवीत घातला. आम्ही दोघे खोपोलीच्या रस्त्याला लागलो.

माथेरान

प्रदर्शनात पहिले बक्षीस मला मिळाले. रावसाहेबांनी स्वतः फोटोला नाव दिले, 'निसर्गाचा अलंकार'. शेवटी टांगला तो काळापांढराच, रंगवलेला मी घरी ठेवला. एका बाईंनी विचारले, याच्यासारखी साडीची पिन करून मिळेल का? एका गृहस्थांनी पानावरच्या खरवडलेल्या नक्षीची विशेष तारीफ केली. गणपतरावांचे शेत ते. मी आभार मानले, हार घेतला, फोटोखाली उभा राहिलो. मी हे सगळे केले, आणि मला ते आवडलेसुद्धा.

नाताळात रावसाहेबांनी मला माथेरानला चार दिवस बरोबर नेले. त्यांना आता किड्यांची गोडी लागली होती. आता त्यांच्याजवळ विलायतेहून आलेले बल्ब होते, दोन डझन, रेशमी कागदात गुंडाळलेले. गाडीतून उतरल्यावर हॉटेलापर्यंत त्यांच्यासाठी हातरिक्षा केली. पुढे एक, मागे दोघे. मी चालत होतो. लाल मातीचा चढ सुरू झाला तेव्हा पुढच्या माणसाच्या डाव्या गुडघ्याला बांधलेले फडके मला दिसले. मलमलीचे होते, आणि त्याला रुपयाएवढे भोक होते.

गणपतरावांनी मला आधीच ओळखले असावे. त्यांनी मान वळवली नाही.

रावसाहेब आरामात मागे टेकून बोलत होते. "तुमच्या त्या फोटोत मला काय आवडलं सांगू? फ्लॅशचा कोन. ज्यानं धरला त्याचा हात फार पक्का असला पाहिजे. कोण होता? कोणी शिकलेला माणूस असणार."

"तोच तुम्हाला ओढतोय," मी म्हणालो.

रावसाहेबांनी वाकून गणपतरावांच्या पाठीकडे पाहिले. "असं?" ते म्हणाले. "मग त्याला सांगा, वळणावर जरा धक्के बसतात. तिथेही हात तसाच ठेव म्हणावं."

मी ते सांगितले नाही. हॉटेलाच्या फाटकाशी रावसाहेब उतरून आत गेले तेव्हा मी गणपतरावांजवळ गेलो. भात किती झाले ते विचारले. कणगी अर्धीसुद्धा भरली नाही, म्हणाले. गुडघा? त्यांनी नुसता हात उडवला. वहिनींनी फडके दिले, दूध गाळायला आता म्हैस नाही, म्हणून.

मग त्यांनीच विचारले, "ती पोर? जमलं का तिचं?"

"जमलं. लग्न झालं मार्गशीर्षात. लग्नाचा फोटो रंगवायला आमच्याकडेच आला होता. साहेबांनी सोबत चिठ्ठी पाठवली होती."

"काय लिवलं व्हतं?"

"मुलीचा रंग आधीच्या फोटोप्रमाणे असावा."

गणपतराव म्हणाले, "म्हंजे आता त्यानं तिला बघितली हाय. समोर."

"हो."

"तरी बी?"

"तरी बी," मी म्हणालो.

खालून दुसऱ्या गिऱ्हाइकाने हाक मारली. गणपतरावांनी गुडघ्याचे फडके घट्ट केले आणि रिक्षाचा दांडा उचलला. "म्हंजे आमचा किडाच तेवढा काळा ऱ्हायला," ते म्हणाले, आणि चढ उतरू लागले.